निकालीचं बटन

जॉर्ज उजागरे सरांना गप्प बसवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे तेव्हा हेडमास्तरांना जमलं नाही, चर्चच्या सभेत पाळकांना जमलं नाही, आणि दीनाकाकूंनी तर लग्नानंतर लवकरच तो नाद सोडला. असा माणूस एके सकाळी स्वतःहून म्हणाला, "रेश्मा, नवा मेल सर्व्हर तू निवडायचास. मी तोंड उघडणार नाही. उघडलं तर दीनाला सांग, त्या दिवशी मला जेवायला वाढू नको."

"रोजच उपास घडेल मग," काकू आतून म्हणाल्या.

रेश्माला मात्र हसू आलं नाही. सरांच्या हाताखाली काम करणारी ती एकटीच, आणि असली निवड तिनं आजवर कधी केली नव्हती.

सावेडीतल्या त्या बंगल्याच्या वरच्या खोलीत सरांचं होस्टिंगचं काम चालायचं. होस्टिंग म्हणजे काय, हे बेलापुरात रेश्माच्या आईला विचारा. ती सांगते, "लोकांच्या वेबसाईटा आन् मेला सांभाळत्यात. पाळणाघर असतं ना, तसं." यापेक्षा चांगली व्याख्या कॉलेजात रेश्माला कुणी दिली नव्हती. जिल्ह्यातल्या शाळा, पतसंस्था, एक रक्तपेढी, बियाण्यांची दुकानं, शनिशिंगणापूरचं एक भक्तनिवास, अशी सगळी लेकरं या पाळणाघरात होती. यंत्रं मुंबईला भाड्याच्या जागेत, पण त्यांची राखण नगरमधून. आणि या सगळ्यांच्या मेलची ने-आण करणारा सर्व्हर सरांनी फार वर्षांपूर्वी आपल्या हातांनी बांधलेला. तो कधी पडला, असं कुणाला आठवत नव्हतं.

पण आता दोन गोष्टी एकदमच आल्या होत्या. ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर तो सर्व्हर उभा होता, त्याच्या दुरुस्त्या येणं बंद झालं होतं. उद्या एखादं भोक पडलं तर बुजवायला जगात कुणी नाही. आणि दुसरं म्हणजे सरांचे डोळे. शुगरनं दोन्ही पडदे पोखरले होते. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. स्क्रीनवरची ओळ तर आता मुंग्यांची रांग झाली होती.

"सरळ सांगतो," सर म्हणाले, "तुझ्या हातात नीट बसेल असं काही निवडलंस, तर ही खोली चालेल. नाही जमलं, तर सगळ्यांना एखाद्या मोठ्या कंपनीच्या दारात नेऊन सोडू, आणि या खोलीत दीना पापड वाळवेल."

"मी पापड विकतचे आणते," काकू म्हणाल्या.

"पण सर, तुम्ही नुसतं सांगा ना, कुठलं घेऊ ते."

"नाही. मी सांगितलं की तू माझाच सर्व्हर पुन्हा बांधशील. पुढं तो तुला एकटीला चालवायचाय, मला नाही." एवढं बोलून सरांनी लिमलेटची गोळी तोंडात टाकली. ती पुढं कित्येक दिवस त्यांच्या तोंडात एकामागून एक होतीच. बोलायची हुक्की आली की गोळी.

आता रेश्माचं सांगायचं तर पोरगी हुशार, कामाला वाघ, पण स्वतःच्या निवडीवर विश्वास म्हणून नाही. ड्रेसचं कापड घ्यायलासुद्धा मैत्रीण लागायची. तिनं पुष्कळ वाचलं, पुष्कळांना विचारलं. शेवटी दोन वाटा उरल्या. एक वाट जुन्या लोकांची. मेल घेऊन पोचवणारं एक सॉफ्टवेअर, ती पेटीत सांभाळणारं दुसरं, कचरा निवडणारं तिसरं, असं सुटं सुटं आणून आपल्या हातानं जोडायचं. दुसरी वाट म्हणजे सगळं एकाच डब्यात भरून आलेलं पॅकेज. त्याचं नाव कशाला घ्या, वाईट नव्हतं ते बिचारं. दिसायला तर असं देखणं, की बटनं बघूनच जीव हरखावा. हिरवं चालू, लाल बंद. लहान मूलसुद्धा चालवेल.

आणि त्याची एक गोष्ट रेश्माला फारच आवडली. ते शिकायचं. एखाद्यानं एखाद्या मेलला जंक म्हटलं, म्हणजे ही केरातली आहे असं बटन दाबून सांगितलं, की ते लक्षात ठेवायचं आणि तसली मेल पुढं सगळ्यांच्याच जंकच्या पेटीत टाकायचं. एकाला ठेच लागली की बाकी सगळे आपोआप शहाणे! रेश्मानं ते सरांना वाचून दाखवलं तेव्हा सरांच्या गालातली गोळी या बाजूची त्या बाजूला गेली.

"हं," सर म्हणाले.

"हं म्हणजे चांगलं की वाईट?"

सरांनी काकूंच्या स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. उपाशी राहायची तयारी नव्हती त्यांची.

रेश्मानं पॅकेज निवडलं. शनी अमावस्या तोंडावर होती, तेव्हा भक्तनिवासाचा मॅनेजर कल्याण फोनवर रडकुंडीला आला, "ताई, अमावस्येला आमची पेटी हलवू नका, पाय ठेवायला जागा नसती हितं." म्हणून ती गर्दी ओसरू दिली आणि मग सगळ्यांच्या पेट्या एकेक करून नव्या सर्व्हरवर नेल्या. एकही मेल सांडली नाही. कुणाचा ओरडा नाही. रेश्मानं दीनाकाकूंना मिठीच मारली. काकूंनी शेवयाची खीर केली. सर खीर खाताना म्हणाले, "पेट्या छान हलवल्यास. पाणी न हिंदकळता घागर नेली." हे बोलणं चालतं का, असं काकूंनी डोळे वटारून विचारलं, तेव्हा म्हणाले, "हा सल्ला नाही, कौतुक आहे. कौतुकाला बंदी नव्हती."

रेश्माला आभाळ ठेंगणं झालं. चारच दिवस झालं, पण झालं.

मग एका सकाळी कल्याणचा फोन आला. "ताई, बुकिंगच्या मेला बंद झाल्या का ओ? आता लोकं दारात येऊन भांडत्यात, आमी मेल केलती म्हणत्यात."

रेश्मानं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. मेल आल्या होत्या. पोचल्या होत्या. सगळं हिरवं. तिनं कल्याणला सांगितलं, नेट बघा तुमचं. मग एका पतसंस्थेतून फोन. मग बियाणंवाल्यांचा. त्यांचं गाऱ्हाणं तर भलतंच. "रेश्माताई, कंपनीची एक मेल येईना, आन् ते वजन कमी करायच्या पुडीवाले मात्र रोज न चुकता हजर!" पुन्हा नोंदी. पुन्हा सगळं हिरवं. कुठं पाणी मुरतंय ते कळेना. सर बाजूला बसून ऐकत होते. गोळी चघळायची थांबली होती.

"सर, काहीतरी बोला ना आता."

सरांनी गालातली गोळी कडाकडा फोडून गिळली. मग एवढंच म्हणाले, "खोलीत बसून मला कधी काही दिसलं नाही बाई. डोळे धड होते तेव्हासुद्धा."

एवढं म्हणून ते उठून खाली गेले. रेश्माला राग आला. आधी सरांचा, मग त्या हिरव्या दिव्यांचा. पण रागात का होईना, वाक्य कानात राहिलं. तिनं पर्स उचलली, श्रीरामपूरची एसटी धरली आणि तिथून रिक्षानं बेलापूर गाठलं. बेलापूर म्हणजे तिचं गावच. पण घरी न जाता ती आधी शाळेत गेली, कारण तिथला क्लार्क अजिनाथ सगळ्यांत जुना गिऱ्हाईक आणि त्याच्याकडून अजून एकही तक्रार आली नव्हती. जिथं दुखत नाही तिथं आधी बघावं, असं तिला का वाटलं कोण जाणे.

"अगं ये ये! आज कशी काय वाट चुकली गावाकडं?" अजिनाथ म्हणाला. "चहा सांगू? नवीन मेल लई झ्याक हाय बरं. लई हलकं झालंय काम. पयल्यासारखा ढीगच पडत न्हाई."

ढीग पडत नाही म्हणजे इथल्याही मेल भलतीकडंच जातायत, हे रेश्मानं ओळखलं. "अजिनाथभाऊ, तुमी तुमचं काम करा. मी नुसती बसते हितं बाजूला."

अजिनाथनं मेल उघडली. गटशिक्षण कार्यालयाची. नीट वाचली. प्रिंट काढली. प्रिंटवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, कागद फायलीला लावला. सगळं काम जिथल्या तिथं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. आणि मग, जेवून हात धुवावेत तशा समाधानानं, त्यानं उजव्या कोपऱ्यातलं एक बटन दाबलं. मेल नाहीशी झाली.

"निकाली!" अजिनाथ म्हणाला.

रेश्मा खुर्चीतून अर्धी उठली. ते बटन जंकचं होतं.

"भाऊ, हे काय दाबलं?"

"निकालीचं बटन. पयलं 'निकाली' असं लिव्हलेलं हुतं, तुमी आता तिथं चित्र टाकलंय पेटीचं. पर जागा तीच हाय ना? उजवा कोपरा." त्यालाच तिची कीव आली. "निकालीचं बटन म्हाईत न्हाई तुला? उजागरे सरांनी दिलेलं. सर पयल्यांदा आले तवा दिवसभर हितं बसले हुते, ह्याच खुर्चीवर. कंप्यूटरचा शब्द काडला न्हाई. नुसतं बघत हुते, कागूद कुठून येतो, कुठं जातो. मी झालेला कागूद निकालीच्या गठ्ठ्यात बांदायचो. सर म्हणले, ह्या गठ्ठ्याचं काय करता? मी म्हणलं, काय न्हाई. तो झाला. तिकडं परत बघायचं न्हाई, पर टाकायचाबी न्हाई. फुडल्या टायमाला आले तर कंप्यूटरात गठ्ठा तयार! मला तवा वाटलं, ह्यो मानूस देवानं घडवलेला हाय."

सरकारी कागदानं वाढलेला आपला मुलूख. काम झालं की कागद निकाली काढायचा, हे इथं हाताला लागलेलं वळण. सरांनी ते वळण ओळखून प्रत्येकाच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात ते बटन ठेवलं होतं, आणि सगळा जिल्हा इतकी वर्षं ते डोळे झाकून दाबत होता. नव्या पॅकेजात त्याच कोपऱ्यात जंक होतं. मग काय! शाळांनी बोर्डाची पत्रं निकाली काढली, पतसंस्थांनी बँकेची, भक्तनिवासानं बुकिंगची. आणि ते हुशार सॉफ्टवेअर एकेकाकडून शिकत गेलं, की बोर्ड म्हणजे केर, बँक म्हणजे केर. वजन कमी करायच्या पुडीत मात्र निकाली काढण्यासारखं काम काहीच नव्हतं. तिला कुणी हात लावला नाही. म्हणून तेवढी पुडीबाईच सगळ्यांच्या घरात पाटावर बसलेली!

दुसरा प्रसंग असता तर रेश्मा पोट धरून हसली असती. इथं ती खुर्ची ओढून स्क्रीनशी आली.

"भाऊ, निकालीची पेटी उघडा. आत्ता. ज्या तुमी टाकल्या न्हाईत, त्यापण असतील तिथं."

"झालेल्या गठ्ठ्यात काय बघायचं?" म्हणत अजिनाथनं पेटी उघडली, आणि त्याचा चेहरा उतरला. न वाचलेल्या मेलची चळतच होती. मधोमध बोर्डाचं पत्र होतं. दहावीच्या काही मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण पोचले नाहीत, ते आज पाचपर्यंत भरावेत, अन्यथा त्या मुलांचे निकाल राखून ठेवले जातील.

अजिनाथनं घड्याळ बघितलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. "चांगुणा मॅडम!" अशी त्यानं हाक मारली, की वर्गातली पोरं बाहेर आली. मुख्याध्यापिका चांगुणा मॅडम धावत आल्या, कपाटातून गुणांचे तक्ते निघाले, मॅडम आकडे वाचून दाखवू लागल्या आणि अजिनाथ भरू लागला. त्या दोघांच्या मध्ये उभं राहून रेश्माला एकच दिसत होतं, की यातलं एखादं पोर राहिलं असतं तर ते तिच्या हिरव्या बटनापायी राहिलं असतं. गुण गेले. पोचपावती आली. मॅडम खुर्चीत बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या.

रेश्मा व्हरांड्यात गेली आणि तिनं सरांना फोन लावला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण निम्मं बोलून झालं आणि रडू फुटलंच.

सर म्हणाले, "रडून घे पटकन. झालं? आता ऐक."

आणि सर बोलायला लागले. कसली गोळी आणि कसला उपास! "सर्व्हरचं शिकणं आधी बंद कर. आता पहिला फोन रक्तपेढीला. त्यांना पुण्याहून तपासणीचे रिपोर्ट येतात, ते जेवणाच्या सुट्टीनंतर बघतात, तू आत्ता लावलास तर तिथली राहीबाई जागेवर सापडेल. मग राहुरीची पतसंस्था, तिथं आज बाजार, गर्दी असेल, मॅनेजरला लावू नकोस, खिडकीवरच्या मुलीला लाव. कल्याणला मी बघतो, तो घाबरट आहे, तुझा रडका आवाज ऐकला तर शनिदेवाला तेल घालायला पळेल. बियाणंवाले उद्या बघितले तरी चालतील, पेरणीला अवकाश आहे."

रेश्मा ऐकत राहिली. समोर कागद नाही, यादी नाही, स्क्रीन तर नाहीच नाही. कुणाच्या मेलवर कुणाचा जीव टांगलेला असतो, कोण कधी जागेवर असतं, कोण ऐकून घेतं आणि कोण आधी ओरडतं, सगळं या माणसाच्या डोक्यात तोंडपाठ होतं. तिला वाटत आलं होतं, की सरांनी सर्व्हर बांधला. छे! सरांनी माणसं पाठ केली होती, सर्व्हर नुसता त्यांच्या मापाचा शिवला होता. एवढा मोठा माणूस रोज आपल्या शेजारी बसून लिमलेटच्या गोळ्या खात होता, आणि आपण त्याला बटनांचे रंग वाचून दाखवत होतो! तिला लाजही वाटली आणि अभिमानानं ऊरही भरून आला.

दोघांनी फोन वाटून घेतले. सर प्रत्येकाला सांगत होते, "सलाम, उजागरे बोलतोय. चूक आमची आहे. कोपऱ्यातली पेटी उघडा, तुमच्या कामाच्या मेल तिथं असतील." आमची म्हणत होते. रेश्माची म्हणाले नाहीत, एकदासुद्धा नाही.

त्या दिवशी काकूंनी सरांना दोन्ही वेळा जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी रेश्मा वरच्या खोलीत आली ती ठरवूनच. "सर, माझं चुकलं. मी तुमचाच सर्व्हर जसाच्या तसा परत बांधते. बटनासकट."

आणि इथं सर चिडले. म्हणजे असे चिडले, की खाली काकूंनी गॅस बारीक केला.

"जसाच्या तसा? कशाला? माझं चित्र लावून हार घालायचाय का? अगं, मी ते बटन तेव्हाच्या अजिनाथसाठी केलं. तेव्हा सगळे टेबलावर बसून मेल बघायचे. आता कोण कसं बघतं, मला काय ठाऊक? मी शिंगणापूरला जाऊन किती वर्षं झाली! तू जा. चार ठिकाणी बस. गप्प बस. माझ्यासारखी बडबड करू नकोस. मग ये आणि तुला पाहिजे ते निवड."

"आणि परत चुकलं तर?"

"तर परत फोन करू. फोन करता येतो ना आपल्याला?"

मग रेश्मा गेली. शिंगणापुरात कल्याणजवळ बसली. बिनदाराच्या त्या गावात कल्याणच्या ऑफिसला टेबल होतं, पण कल्याण टेबलापाशी कधी नसायचाच. एका हातात भक्तांच्या लॉकरच्या चाव्यांचा जुडगा आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन तो जिन्यानं वरखाली करायचा, आणि मेल फक्त अंगठ्यानं बघायचा. उजवा वरचा कोपरा त्याच्या अंगठ्याला पोचतच नव्हता, त्यासाठी त्याला दरवेळी चाव्या खिशात घालाव्या लागायच्या. रक्तपेढीत राहीबाई हातमोजे घालून मेल बघायची. पतसंस्थेत एकाच पेटीवर तिघं बसायचे आणि कोणी काय केलं, ते ओरडून एकमेकांना सांगायचे. रेश्मा बघत राहिली. विचारायचा मोह झाला की पर्समधली लिमलेटची गोळी तोंडात टाकायची. ती सवय सरांचीच लागली तिला.

परत आली तेव्हा निवडायचं असं काही उरलंच नव्हतं. एका डब्यातलं पॅकेज सगळ्यांना एकच माप लावत होतं, आणि तिची माणसं एका मापाची नव्हती. तिनं सुटी वाट धरली. मेल आणणं-पोचवणं पोस्टफिक्सकडं, पेट्या सांभाळणं डोव्हकॉटकडं. दोन्ही जुनी, मुरलेली, आपल्या कामापलीकडं नाक न खुपसणारी सॉफ्टवेअरं. त्यांना दिवे नाहीत, रंग नाहीत. काय करायचं ते साध्या अक्षरांत लिहून ठेवायचं, आणि ती ते तसंच करतात. पहिल्या दिवशी रेश्माला त्यांचा धाक वाटला, आठवड्याभरात प्रेम बसलं. इतकं निमूट आणि इतकं नेमकं काम करणारं काही तिनं पाहिलं नव्हतं. कचरा निवडणारं सॉफ्टवेअर तिनं असं बसवलं, की एका घरचं शिकलेलं दुसऱ्या घरी जाणार नाही. आणि निकालीचं बटन तिनं मोबाईलवर खाली आणलं, अंगठ्याखाली. राहीबाईसाठी ते चांगलं रुंद केलं. पतसंस्थेत मेल कुणी निकाली काढली, त्याचं नाव बाजूला उमटू लागलं आणि तिघांचं ओरडणं थांबलं.

सगळ्या पेट्या हलवून झाल्या त्या दिवशी सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "वाच," म्हणाले. रेश्मा एकेक ओळ वाचत गेली आणि सर डोळे मिटून ऐकत गेले. मधेच म्हणाले, "हे मला सुचलं नव्हतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "हेही नव्हतं सुचलं." मग वाचता वाचता ती एका ओळीवर घुटमळली.

मेल सर्व्हर कुठलाही असो, त्याला पोस्टमास्तर नावाचा एक पत्ता ठेवावाच लागतो. मेल अडली, हरवली, काही बिनसलं, तर जगातल्या कुणीही तिथं तक्रार करावी आणि ती कुणीतरी माणसानं वाचावी.

"पोस्टमास्तर कुणाला केलंस?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला."

"काढ."

"सर, लोक तुम्हाला ओळखतात. तुमचं नाव असलं की लोकांना..."

"ती मानाची जागा नाही रेश्मा, शिव्या खायची जागा आहे. आणि शिव्या वाचायला डोळे लागतात." सरांचा आवाज एकाएकी लहान झाला. "माझं नाव ठेवलंस, तर बिचारे लिहीत राहतील आणि वाचणार कुणी नाही. काढ ते."

रेश्मानं सरांचं नाव पुसलं. तिथं तिनं स्वतःचं नाव लिहिलं. "झालं," ती म्हणाली. सरांनी मान हलवली आणि जिन्याच्या कठड्याला धरून खाली गेले.

सकाळी पोस्टमास्तरच्या पेटीत पहिली तक्रार येऊन पडली होती. दीनाकाकूंनी टाईप केलेली, पण भाषा कुणाची ते लपत नव्हतं.

"प्रति, मा. पोस्टमास्तर. विषय: अक्षर बारीक असल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या नवीन व्यवस्थेत मेलची अक्षरे अत्यंत बारीक असून अर्जदारास ती दिसत नाहीत. अर्जदाराची मेल सध्या पत्नी वाचून दाखवते व मधले शब्द गाळते, असा दाट संशय आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी. आपला नम्र, जॉर्ज उजागरे, ग्राहक."

ग्राहक! रेश्मा हसता हसता रडली की रडता रडता हसली, ते तिचं तिलाही कळलं नाही. ज्यानं हे सगळं उभं केलं, तो माणूस आज तिच्या दारात तक्रार घेऊन उभा होता, रीतसर, बाकीच्यांसारखा. तिनं दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही. अक्षर मोठं केलं. खाली जाऊन सरांच्या मोबाईलवर दाखवलं. "नाही दिसत." आणखी मोठं केलं. "कडा दिसते." आणखी. शेवटी अक्षर इतकं मोठं झालं, की स्क्रीनवर एका वेळी एकच शब्द मावू लागला आणि पुढच्या शब्दासाठी बोटानं सरकवावं लागायचं.

मग तिनं वर जाऊन त्यांच्या तक्रारीला उत्तर पाठवलं आणि जिन्यात उभी राहिली.

सरांनी मोबाईल नाकाशी धरला. मान थोडी वाकडी केली, कारण मधून दिसत नव्हतं, कडेनं दिसत होतं. काकू चहाचा कप घेऊन शेजारी आल्या आणि वाचून दाखवायला वाकल्या, तेव्हा त्यांनी हातानं त्यांना थांबवलं.

"सर," ते मोठ्यानं वाचू लागले. बोट सरकवलं. "पोस्टमास्तर." पुन्हा सरकवलं, बराच वेळ बघत राहिले. "जागेवर." आणखी एकदा. "आहे."

पुढं काही आहे का, ते त्यांनी बोट सरकवून बघितलं. पुढं काही नव्हतं.

"मग ठीक आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी चहासाठी हात पुढे केला.